युरोपियन चित्रांमधल्या पुराणकथा आणि नाटकं (१८वं-१९वं शतक): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नेमक्या कुठल्या चित्रांबद्दल बोलणं चाललंय?

साधारण १७०० ते १९०० या दोनशे वर्षांत युरोपात जी गोष्टी सांगणारी चित्रं रंगवली गेली त्यांच्याबद्दल. ग्रीक-रोमन देवदेवता, होमरचे वीर, रोमचा इतिहास, शेक्सपियरची नाटकं, इंग्रज कवी बायरनची काव्यं, उत्तर युरोपातल्या पुराणांतले थॉर वगैरे देव. सुरुवातीला टिएपोलोसारखे लोक राजवाड्यांची छतं रंगवतायत (जर्मनीत वुर्झबुर्गच्या राजवाड्यात जिन्यावरचं अख्खं छत त्याने १७५२-५३ ला रंगवलं, अपोलो आणि चार खंड), पॅरिसमध्ये बूशे गुलाबी-निळ्या व्हीनस काढतोय, मग दाविद येतो आणि सगळं एकदम कडक शिस्तीचं होतं, मग देलाक्र्वा येऊन ते परत पेटवतो, आणि शतक संपता संपता मोरो, बर्न-जोन्स, वॉटरहाउस यांच्याकडे तेच विषय स्वप्नासारखे होऊन जातात. पसारा प्रचंड आहे, मला जी चित्रं सगळ्यात जास्त बोलतात असं वाटतं ती मी इथे घेतलीयत.

मला ग्रीक पुराणं अजिबात माहीत नाहीत. तरी ही चित्रं कळतील का?

थोडी कळतील, पण गोष्ट माहीत असली की दहापट जास्त कळतील हे खरं आहे. रवि वर्माचं शकुंतलेचं चित्र बघताना आपल्याला कुणी सांगावं लागत नाही की ती पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे कुणाला बघतेय, कारण गोष्ट घरातच ऐकलेली असते. तसं इकडे होत नाही, म्हणून आधी पाच मिनिटं कथा वाचून घ्या. जास्त पुस्तकं लागत नाहीत, होमर, रोमन कवी ओव्हिडचं मेटामॉर्फोसेस (चित्रकारांनी सगळ्यात जास्त वापरलेलं पुस्तक हेच) आणि शेक्सपियरच्या मोठ्या चार-पाच नाटकांचा सारांश, एवढ्यावर निम्मं म्युझियम उलगडतं.

आणि चित्रासमोर उभं राहिलं की एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: या गोष्टीतला नेमका कुठला क्षण यात पकडलाय, आणि हाच का? बाकी रंग, रेषा, शैली सगळं नंतर. माझं ठाम मत आहे की या दोनशे वर्षांतल्या चित्रकारांची खरी हुशारी या निवडीत आहे, गोष्टी तर सगळ्यांना त्याच मिळालेल्या होत्या.

"क्षण" म्हणजे काय ते एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

देलाक्र्वाचं मिडिया घ्या, १८३८ चं, फ्रान्समधल्या लिल शहराच्या म्युझियममध्ये आहे. मिडियाने जेसनसाठी बाप, देश, सगळं सोडलं, त्याच्यासाठी नको नको ते केलं, आणि तो कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न करायला निघाला. सूड म्हणून मिडिया स्वतःच्या मुलांना मारते. युरिपिडीसचं नाटक इ.स.पू. ४३१ चं आहे, त्यामुळे १८३८ च्या प्रेक्षकाला शेवट माहीतच होता.

आता देलाक्र्वाने काय दाखवलंय बघा. खून झालेला नाही. गुहेसारखी जागा आहे, दोन्ही मुलं तिने हातांत आवळून धरलीयत, अगदी कुठलीही आई संकटात धरेल तशीच, आणि त्याच हातात खंजीर आहे. मान वळवून ती बाहेर बघतेय, कुणी पाठलाग करतंय का. चेहऱ्याच्या वरच्या भागावर, डोळ्यांवर सावली पडलीय. म्हणजे एकाच मिठीत वाचवणं पण आहे आणि मारणं पण आहे. रक्ताचा थेंब नाही आणि तरी मी आजवर बघितलेल्या चित्रांत याच्याइतकी भीती फार थोड्या चित्रांत आहे.

यामागे एक जुना वाद आहे. १७६६ ला लेसिंग नावाच्या जर्मन नाटककाराने लाओकून हा ग्रंथ लिहिला, त्याचं म्हणणं साधारण असं की कवीकडे अख्खा काळ असतो पण चित्रकाराकडे एकच क्षण, मग त्याने कळस दाखवू नये, कळसाच्या जरा आधीचा क्षण घ्यावा, कारण पुढचं बघणाऱ्याचं मन आपोआप पूर्ण करतं. आणि त्याने उदाहरण काय दिलंय तर टिमोमाकस नावाच्या प्राचीन चित्रकाराच्या मिडियाचं, ज्यात ती मुलांना मारायच्या आधी घुटमळतेय. हे वाचून मग परत देलाक्र्वा बघा.

दाविदचं ते तीन भाऊ हात पुढे करून उभे असलेलं चित्र इतकं प्रसिद्ध का?

होरेशियस बंधूंची शपथ, १७८४ ला रोममध्ये रंगवलं, १७८५ ला पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात लागलं (त्या प्रदर्शनाला सलोन म्हणायचे, पुढे हा शब्द सारखा येईल). आता लुव्रमध्ये आहे, साधारण ३.३ मीटर उंच आणि सव्वाचार मीटर रुंद.

गोष्ट अशी की रोम आणि शेजारचं आल्बा शहर यांच्यात युद्ध, सैन्य लढवण्यापेक्षा दोन्हीकडचे तीन तीन भाऊ लढतील असं ठरतं. पण दोन्ही घरांत सोयरिकी झालेल्या आहेत. रोमच्या भावांची बहीण कामिला हिचं लग्न समोरच्या तिघांपैकी एकाशी ठरलंय, आणि समोरच्यांची बहीण या घरात सून आहे. म्हणजे कुणीही जिंकलं तरी या बायकांच्या घरात मरण येणारच. शेवटी एकच भाऊ जिवंत परत येतो आणि बहीण होणाऱ्या नवऱ्यासाठी रडते म्हणून तिलाच मारून टाकतो.

रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासात आणि फ्रेंच नाटककार कोर्नेयच्या १६४० च्या नाटकात ही कथा सविस्तर आहे. पण दोन्हीत घरात बापासमोर तलवारींवर शपथ घ्यायचा हा प्रवेश नाहीच! दाविद आधी शेवटचा भाग, बाप मुलाची बाजू मांडतो तो, काढायच्या विचारात होता, तसं त्याचं रेखाटन पण आहे, ते सोडून त्याने हा क्षण निवडला. डावीकडे तीन भाऊ, एकाच शरीराचे तीन हात असल्यासारखे ताठ, मध्ये बाप तलवारी उंचावून, उजवीकडे बायका गळून पडलेल्या, मागे तीन कमानी, त्यांनी सगळ्यांना वेगवेगळ्या खणांत टाकलंय. बायकांना सगळं आधीच कळलंय आणि पुरुषांना काहीच कळलेलं नाही, हे मला त्यात दिसतं. लोक याला देशभक्तीचं चित्र म्हणतात, ते आहेच, पण उजवा कोपरा झाकून बघा आणि मग उघडून बघा, चित्र पूर्ण बदलतं.

ही चित्रं इतकी "नाटकी" का वाटतात? हातवारे, डोळे वर, सगळंच जास्त?

कारण खरंच नाटकाशी त्यांचं रोजचं येणंजाणं होतं. होगार्थने १७४५ च्या सुमारास गॅरिक या नटाला तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत रंगवलं, तंबूत भुतांच्या स्वप्नातून दचकून उठलेला, हात पुढे. (लिव्हरपूलच्या वॉकर गॅलरीत आहे, त्याचे २०० पौंड मिळाले होते, तेव्हाच्या मानाने फार मोठी रक्कम.) रेनल्ड्सने १७८४ ला सॅरा सिडन्स या नटीला शोकांतिकेची देवता म्हणून सिंहासनावर बसवलं. नेपल्समध्ये एमा हॅमिल्टन पाहुण्यांसमोर शाली आणि उजेडाच्या मदतीने एकामागून एक प्राचीन मूर्तींच्या पोझ घ्यायची, जर्मन कवी गटेने १७८७ ला ते बघून लिहून ठेवलंय, आणि रॉम्नी या चित्रकाराने त्याआधीच तिला सर्सी (होमरमधली जादूगारीण) वगैरे रूपांत रंगवलेलं होतं.

फ्रान्समध्ये तर उलटा प्रवास पण झाला. दाविदने १७८९ ला ब्रूटस रंगवला, स्वतःच्या मुलांना देशद्रोहासाठी मृत्युदंड देणारा रोमन, अंधारात बसलाय आणि मागून मुलांची प्रेतं घरात आणतायत. पुढच्या वर्षी फ्रेंच लेखक व्होल्तेअरचं ब्रूटस नाटक परत स्टेजवर आलं तेव्हा शेवटी नटांनी हुबेहूब दाविदच्या चित्राची पोझ घेतली. दाविदचा मित्र ताल्मा हा नट याच नाटकात उघड्या हातापायांनी, खऱ्या रोमन टोग्यात स्टेजवर आला होता, तोपर्यंत रोमन पात्रं सुद्धा पावडर लावलेले विग घालून उभी राहायची, सहकलाकारांना तो धक्काच होता.

म्हणून हातवारे बघून लगेच "ओव्हरअॅक्टिंग" म्हणू नका. मेणबत्त्यांच्या उजेडात मागच्या रांगेपर्यंत पोचायची ती भाषा होती, आणि पाच मीटरच्या कॅनव्हासला गर्दीत लांबून वाचायला पण तीच लागते.

शेक्सपियर इतका का दिसतो?

इंग्लंडला स्वतःची पुराणं हवी होती असं मला वाटतं, शेक्सपियरने ती जागा घेतली. जॉन बॉयडेल या छापील चित्रांच्या व्यापाऱ्याने १७८९ ला लंडनमध्ये पॉल मॉल रस्त्यावर शेक्सपियर गॅलरी उघडली, मोठमोठ्या चित्रकारांकडून नाटकांतले प्रवेश रंगवून घ्यायचे आणि त्यांच्या छापील प्रती देशोदेशी विकायच्या असा धंदा. पण फ्रान्सशी युद्ध लागलं, परदेशातली विक्री बुडाली आणि १८०५ ला सगळी गॅलरी लॉटरीत काढावी लागली.

त्यातला सगळ्यात विलक्षण माणूस फ्युझेली. झुरिकचा, जन्म १७४१, पाद्री व्हायचं शिक्षण पूर्ण केलेला, मग लंडनला येऊन चित्रकार झालेला. त्याच्या चेटकिणी, त्याची झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ (मॅकबेथ नाटकात नवऱ्याला राजाच्या खुनाला लावणारी बाई, चित्र लुव्रमध्ये आहे), पऱ्यांची राणी टिटानिया, सगळे अंधारातून अंगावर येतात. दुःस्वप्न हे १७८१ चं चित्र तर कुठल्याच गोष्टीवर नाही, झोपलेली बाई, छातीवर बसलेलं भूत, पडद्यातून डोकं घालणारी घोडी, आणि तरी बघताना वाटतं की यामागे कुठली तरी जुनी कथा असणार.

ऑफेलियाचं पाण्यातलं चित्र कुणाचं? मॉडेलला खरंच पाण्यात झोपवलं होतं का?

ऑफेलिया म्हणजे शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकातली, वेड लागून पाण्यात बुडणारी मुलगी. चित्र जॉन एव्हरेट मिलेचं, १८५१-५२, लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये. हो, झोपवलं होतं, पण नदीत नाही. आधी मिलेने सरे भागात हॉग्समिल नदीकाठी महिनोन्महिने बसून फक्त पानंफुलं आणि पाणी रंगवलं, मग हिवाळ्यात लंडनच्या स्टुडिओत एलिझाबेथ सिडलला जुना जरीकामाचा ड्रेस घालून (चार पौंडांना घेतलेला) पाणी भरलेल्या टबमध्ये झोपवलं, पाणी कोमट राहावं म्हणून खाली दिवे लावले होते. एकदा दिवे विझले, ती काही न बोलता तशीच पडून राहिली आणि आजारी पडली, तिच्या वडिलांनी डॉक्टरच्या खर्चासाठी ५० पौंड मागितले. हा किस्सा सगळीकडे गमतीने सांगतात, मला त्यात गंमत दिसत नाही. सिडल स्वतः चित्रं काढायची, कविता करायची, आणि तिची ओळख मात्र टबातली मॉडेल एवढीच राहिली.

चित्राबद्दल महत्त्वाचं हे की ऑफेलियाचं मरण नाटकात स्टेजवर घडतच नाही, राणी येऊन ते सांगते. म्हणजे स्टेजला जे दाखवता आलं नाही ते मिलेने घेतलं. ती अजून बुडालेली नाही, तोंड उघडं आहे, गातेय. परत तोच, जरा आधीचा क्षण.

असंच दुसरं म्हणजे सार्जंटने काढलेलं एलन टेरी या नटीचं चित्र, लेडी मॅकबेथच्या वेशात, १८८९. हिरवा ड्रेस, त्यावर खऱ्या भुंग्यांचे चमकणारे हिरवे पंख शिवलेले होते. ती मुकुट स्वतःच्या डोक्यावर उचलून धरतेय, आणि हा प्रसंग ना शेक्सपियरच्या नाटकात आहे ना त्या प्रयोगात होता, सार्जंटने तो घडवला. पण त्या बाईची हाव एका हालचालीत सांगायची तर याहून चांगलं काय करणार?

झ्यूस आणि ज्युपिटर, व्हीनस आणि अॅफ्रोडाइटी, हे वेगळे आहेत का?

चित्रांपुरतं एकच समजा, पहिलं ग्रीक दुसरं रोमन किंवा उलट. हेरा म्हणजे जुनो, अथीना म्हणजे मिनर्व्हा, ओडिसियस म्हणजे युलिसिस, क्रोनस म्हणजे सॅटर्न. तेव्हा शाळेत लॅटिन शिकवायचे म्हणून चित्रांच्या नावांत रोमन नावं जास्त.

चित्रात कोण कोण आहे हे ओळखायचं कसं?

हातात काय आहे आणि जवळ कुठला प्राणी आहे ते बघा. गरुड आणि वज्र असेल तर ज्युपिटर, मोर असेल तर जुनो, शिरस्त्राण आणि घुबड मिनर्व्हा, कबुतरं किंवा शिंपला व्हीनस, पंखांचे पाय आणि सापांची काठी मर्क्युरी, चंद्रकोर आणि शिकारी कुत्रे डायना, सिंहाचं कातडं आणि गदा हर्क्युलिस, द्राक्षं आणि चित्ते बॅकस. डाळिंब दिसलं की पर्सेफनीचा विचार करा, पाताळात तिने त्याचे दाणे खाल्ले म्हणून वर्षातले काही महिने तिला तिकडेच राहावं लागतं. उलटी धरलेली मशाल म्हणजे बहुतेक वेळा मृत्यू.

अँग्रचं ज्युपिटर आणि थेटिस (१८११) बघताना तर हे सगळं एका नजरेत दिसतं, गरुड, राजदंड, ढगांत कोपऱ्यातून डोकावणारी जुनो, आणि समुद्रदेवी थेटिस देवाच्या हनुवटीला हात लावून मुलासाठी, म्हणजे होमरचा वीर अकिलीस याच्यासाठी, विनवणी करतेय. होमरमध्ये ती खरंच असाच हात लावते. तिची मान मात्र कुठल्याही माणसाची असू शकत नाही इतकी मागे वळलीय, अँग्रवर तेव्हा टीका झाली, मला ती मानच चित्राचा जीव वाटते.

एवढी नग्न चित्रं का? मुलांना घेऊन म्युझियमला जावं का?

जावं, त्यात काही वावगं नाही, फक्त आधी बोलून घ्या. कारण दोन. एक, अकादमीत, म्हणजे सरकारमान्य कलाशाळेत, शिक्षणच नग्न मॉडेलवरून रेखाटन करून व्हायचं आणि प्राचीन मूर्ती हा आदर्श मानलेला. दोन, पुराणकथा हा परवाना होता. १८६३ च्या सलोनला काबानेलची व्हीनस लागली, लाटांवर पहुडलेली, वर छोटे मदन उडतायत, ती सम्राट तिसऱ्या नेपोलियनने स्वतः विकत घेतली. त्याच वर्षी मानेने ऑलिंपिया रंगवली, १८६५ ला ती लागली आणि पॅरिस खवळलं. शरीर तेच, पण हिच्याकडे मदन नाहीत, ही त्याच काळातली पॅरिसमधली बाई आहे आणि सरळ आपल्या डोळ्यांत बघतेय. दोन्ही आज पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्येच आहेत, एकाच दिवशी दोन्ही बघा.

अपहरण, बळजबरी, बायकांचा छळ, हे विषय इतके का? आज हे बघायचं कसं?

प्रश्न रास्त आहे आणि टाळू नये. युरोपा, लीडा, प्रॉसर्पिना (म्हणजेच पर्सेफनी), रोमन लोकांनी पळवून नेलेल्या शेजारच्या सॅबाइन जमातीतल्या स्त्रिया, या कथांमध्ये बळजबरी आहे आणि पुष्कळ चित्रकारांनी ती सुंदर करून विकली हे खरं आहे. देलाक्र्वाचं सार्डानापालस (१८२७) बघा, वेढ्यात सापडलेला असिरियन राजा पलंगावर रेलून बघतोय आणि त्याच्या हुकुमाने बायका, घोडे मारले जातायत. बायरनच्या नाटकात ही कत्तल नाही, तिथे शेवटी राजा आणि त्याची लाडकी दासी मिरा दोघंच चितेवर जातात. कत्तल देलाक्र्वाने घातली. रंगकाम अफाट आहे, लाल रंग अक्षरशः वाहतोय, आणि मला ते चित्र आवडतं आणि त्रासही देतं, दोन्ही एकत्र, त्यातलं एक लपवावं असं वाटत नाही.

पण दुसरी बाजू पण आहे. सॅबाइन स्त्रियांच्या कथेत आधीचे चित्रकार बहुतेक अपहरणच रंगवायचे, दाविदने १७९९ ला त्यानंतर काही वर्षांनी आलेला दिवस घेतला, त्याच स्त्रिया मुलांना घेऊन दोन सैन्यांच्या मध्ये उभ्या राहिल्यात आणि युद्ध थांबवतायत, मध्ये त्यांच्यातलीच हर्सिलिया हात पसरून. फ्रेंच राज्यक्रांतीत माणसं माणसांना गिलोटिनवर पाठवून थकलेल्या फ्रान्ससमोर हे आलं, आणि दाविद स्वतः तुरुंगातून सुटून आलेला होता, तिथेच त्याला ही कल्पना सुचली. म्हणजे कथा तीच पण क्षण बदलला की बाजू बदलते.

२०१८ ला मँचेस्टरच्या गॅलरीने वॉटरहाउसचं हायलस आणि जलपऱ्या (१८९६, तरुण हायलसला पाण्यात ओढणाऱ्या नग्न जलपऱ्या) हे चित्र एक आठवडा भिंतीवरून उतरवलं, अशा चित्रांवर चर्चा व्हावी म्हणून, सोनिया बॉइस या कलाकाराच्या प्रकल्पाचा तो भाग होता. खूप आरडाओरडा झाला आणि चित्र परत लागलं. माझं मत, चित्र भिंतीवर ठेवून वाद घाला, रिकाम्या भिंतीसमोर वाद फार लवकर संपतो.

बायका चित्रकार नव्हत्या का?

होत्या, पण वाट अडवलेली होती. कथाचित्र हा सगळ्यात वरचा प्रकार (१६६७ ला फेलिबियाँने क्रमच लावून दिला, खाली फळंभांडी, मग निसर्ग, प्राणी, व्यक्तिचित्र आणि सगळ्यात वर इतिहास-पुराण), आणि ते काढायला मानवी शरीराचा अभ्यास हवा, आणि त्या वर्गात बायकांना प्रवेश नाही. अँजेलिका काउफमान १७६८ ला लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांत होती, पण झोफानीने सदस्यांचं समूहचित्र काढलं तेव्हा समोर नग्न पुरुष मॉडेल असल्यामुळे तिला आणि मेरी मोझरला भिंतीवरच्या तसबिरी म्हणून दाखवलं! या दोघींनंतर पूर्ण सदस्य म्हणून निवडून आलेली पुढची बाई लॉरा नाइट, १९३६.

तरी काउफमानने पौराणिक चित्रं काढलीच. तिची आरिआड्नी (१७७४) बघा, थिसियस तिला बेटावर झोपेत सोडून निघून गेलाय आणि तिला नुकतंच कळलंय. शतकाच्या शेवटी एव्हलिन डी मॉर्गनची मिडिया (१८८९) येते, राजवाड्यात हातात विषाची कुपी घेऊन विचारात चाललेली, ही देलाक्र्वाच्या मिडियाशेजारी ठेवून बघण्यासारखी आहे.

गोयाचा मुलाला खाणारा सॅटर्न. हे कुणी कशासाठी काढेल?

कुणासाठीच नाही, हेच त्यातलं हादरवणारं आहे. गोया सत्तरीत, ठार बहिरा, माद्रिदबाहेरच्या घराच्या भिंतींवर त्याने १८२०-२३ च्या सुमारास चौदा काळी चित्रं रंगवली, कुणी सांगितलं नव्हतं, विकायची नव्हती, नावंही त्याने दिलेली नाहीत, सॅटर्न हे नाव नंतरच्या लोकांचं. १८७० च्या दशकात ती भिंतीवरून कॅनव्हासवर घेतली, आज प्रादोमध्ये आहेत.

कथा अशी की पोटचा मुलगाच तुला गादीवरून खाली ओढेल असं भाकीत होतं म्हणून सॅटर्न जन्मलेली मुलं गिळतो. म्हणजे ही गिळायची मुलं तान्ही असतात. रुबेन्सने आधी हा विषय काढला त्यात बाळच आहे. गोयाच्या चित्रात मात्र मोठ्या माणसाचं शरीर आहे, डोकं गेलेलं, एक हात गेलेला. आणि सॅटर्नचे डोळे बघा, क्रूर नाहीत, घाबरलेले आहेत. आपण काय करतोय ते त्याला दिसतंय आणि थांबता येत नाहीये. इथे लेसिंगचा नियम गोयाने पार मोडलाय, ऐन कळस दाखवलाय, आणि तरी ते मनातून जात नाही. एवढ्या सगळ्या चित्रांतून एकच निवड म्हटलं तर मी हे निवडेन.

फक्त ग्रीक-रोमनच का? बाकी पुराणं नव्हती?

होती आणि १९व्या शतकात जोरात आली, कारण प्रत्येक देशाला आपलं जुनं काहीतरी हवं होतं. १७६० च्या दशकात मॅकफर्सनने ओसियन या प्राचीन गेलिक कवीची महाकाव्यं सापडली म्हणून छापली, त्यातलं बहुतेक त्याचं स्वतःचंच होतं, पण नेपोलियन त्यावर इतका फिदा की अँग्रने १८१३ ला रोममधल्या त्याच्या शयनगृहाच्या छतासाठी ओसियनचं स्वप्न रंगवलं. फ्युझेलीने १७९० ला थॉर आणि नाग काढला, स्वीडनच्या विंगेने १८७२ ला राक्षसांशी लढणारा थॉर.

पण माझं सगळ्यात लाडकं फिनलंडचं. लोनरोटने लोकगीतं गोळा करून १८३५ ला कालेवाला हे महाकाव्य छापलं, आणि गालेन-कालेलाने १८९७ ला त्यातल्या लेमिनकाइनेन या वीराची आई रंगवली. मुलाचे तुकडे नदीत फेकलेले, आईने दाताळ्याने एकेक ओढून जोडलेत, आणि आता ती वर बघत बसलीय, मधमाशी देवाकडून मध आणेल आणि मुलगा उठेल म्हणून. मधमाशी अजून आलेली नाही. आईसाठी चित्रकाराची स्वतःची आई बसली होती.

मेड्यूसाचा तराफा हे पौराणिक चित्र आहे ना?

नाही. मेड्यूसा ही ग्रीक पुराणातली सापांच्या केसांची राक्षसी, पण इथे मेड्यूस हे बुडालेल्या फ्रेंच जहाजाचं नाव, १८१६ ची खरी दुर्घटना, जेरिकोने १८१९ ला रंगवली. पण जवळजवळ पाच बाय सात मीटरचा कॅनव्हास आणि वीरांसारखी शरीरं, म्हणजे देवांसाठी राखलेला आकार त्याने साध्या खलाशांना दिला, म्हणून ते इतकं गाजलं.

कपडे, इमारती खऱ्या तशाच दाखवायचे का?

१७३८ ला हर्क्युलेनियम आणि १७४८ ला पॉम्पेईचं उत्खनन सुरू झाल्यावर बरीच माहिती हातात आली, मग लोक काटेकोर झाले. अल्मा-टाडेमा तर रोमन अवशेषांच्या फोटोंचे गठ्ठेच बाळगून होता. हेलिओगाबालसचे गुलाब (१८८८), म्हणजे या रोमन सम्राटाने मेजवानीत पाहुण्यांवर छतातून इतक्या पाकळ्या सोडल्या की ते गुदमरले, यासाठी त्याने हिवाळाभर फ्रान्सहून दर आठवड्याला ताजे गुलाब मागवले होते. तपशील पक्का असला म्हणून चित्र जिवंत होतंच असं नाही, पण या चित्रात होतं.

काही चित्रं इतकी काळपट का पडलीयत?

बिट्युमेन, म्हणजे डांबरी तपकिरी रंग. लावल्यावर मस्त गडद सावली देतो पण नीट कधी वाळत नाही, काळा पडतो, भेगा जातात. मेड्यूसच्या तराफ्याचं बरंच नुकसान यानेच झालंय.

मग ही चित्रकला संपली कशी?

एका दिवसात नाही. १८६३ ला सलोनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन, १८७४ ला इंप्रेशनिस्टांचं (पुराणांऐवजी रोजचं जगणं आणि उजेड रंगवणाऱ्यांचं) पहिलं प्रदर्शन, फोटोग्राफी, आणि मग २०व्या शतकात तर हे सगळं भंपक ठरवून टाकलं. लेटनचं फ्लेमिंग जून (१८९५), झोपलेल्या बाईचा तो नारिंगी जाळ, १९६३ ला प्वेर्तो रिकोच्या लुईस फेरे यांनी फक्त २,००० पौंडांना घेतलं. गेल्या पन्नासेक वर्षांत परत लोक बघायला लागलेत आणि ते योग्यच आहे.

आपल्या रवि वर्माचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, अगदी थेट. त्रावणकोर दरबारात थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार आला तेव्हा तरुण रवि वर्माने त्याचं तैलरंगाचं काम जवळून बघितलं. १८८८ च्या सुमारास सयाजीराव गायकवाडांनी त्याला बडोद्यासाठी १४ पौराणिक चित्रांचं काम दिलं. नंतर १८९४ ला मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. मुंबईच्या जे.जे. स्कूलमध्ये ग्रीक मूर्तींच्या प्लास्टर प्रतींवरून विद्यार्थी रेखाटन शिकायचे, चित्रकार धुरंधर तिथलेच. अकादमीची शिस्त आणि आपली पुराणं, त्याचं हे लग्न आहे. रवि वर्माच्या चित्रांनाही तोच प्रश्न विचारून बघा, दमयंतीला हंस सांगतोय त्या चित्रात नेमका तोच क्षण का.

भारतात अशी युरोपियन चित्रं प्रत्यक्ष बघायला मिळतील का?

वर ज्यांची नावं आली ती परदेशातच आहेत. पण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेला युरोपियन चित्रांचा संग्रह आहे आणि बडोद्याच्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीतही बरीच युरोपियन चित्रं आहेत. बडोद्याला गेलात तर लक्ष्मी विलास राजवाड्यातली रवि वर्माची चित्रं त्याच फेरीत करा. घरबसल्या बघायचं तर लुव्र, प्रादो, टेट या सगळ्यांच्या साइटवर फोटो आहेत, मोबाइलपेक्षा मोठ्या स्क्रीनवर उघडा, कारण मिडियाच्या डोळ्यांवरची सावली मोबाइलवर नुसता काळा डाग दिसते.